गावाचा इतिहास टिकवायचाय? आधी गावाचं नाव बदला

अमेरिकेतल्या एखाद्या लहान गावात घर घेतलंत की दोन-तीन वर्षांत दारावरची घंटा वाजते. दारात एक निवृत्त शाळाबाई, हातात घरी भाजलेला झुकिनी ब्रेड. ब्रेड हे नुसतं निमित्त. गावाच्या हिस्टॉरिकल सोसायटीला साठीच्या आतलं माणूस हवं असतं. तुम्ही पंचेचाळिशीचे, त्यात कम्प्युटरवाले. तुमची निवड बिनविरोध होते आणि पुढच्या शनिवारी तुम्ही एका तळघरात, दमट खोक्यांसमोर उभे असता. मी तिथे सहा वर्षं काढली आहेत. गावाचा इतिहास कसा जतन करावा हे आता मला तोंडपाठ आहे, आणि तुम्ही विचारायच्या आधीच मी ते सांगणार आहे.

आमच्या गावाचं नाव घेऊन मला उरलेले शनिवार खराब करायचे नाहीत. म्हणून उदाहरणाला घेऊ पेनसिल्व्हेनियातलं जिम थॉर्प. न्यू जर्सीतल्या मराठी माणसाला हे गाव ठाऊक असतंच. ऑक्टोबरात पानं लाल-पिवळी झाली की चार गाड्या निघतात, डब्यात ठेपले, थर्मासात चहा. साडेचार हजार वस्ती, मधून लीहाय नदी, दोन्ही बाजूंना डोंगर, आणि स्टेशनात एक जुनी आगगाडी जी तुम्हाला पानं दाखवून परत आणून सोडते. ‘हा जिम कोण हो?’ असं गाडीत कुणीतरी विचारतं. ‘असेल कुणीतरी खाणमालक,’ असं दुसरं कुणीतरी सांगतं आणि ठेपले पुढे सरकतात.

तर पहिला सल्ला: गावाचं नाव बदला.

या गावाचं जुनं नाव मॉक चंक. लेनापी या मूळ रहिवाशांच्या भाषेतलं. अर्थ, अस्वलाचा डोंगर. कोळशाने गाव श्रीमंत केलं आणि कोळसा उतरणीला लागल्यावर गावही उतरलं. 1950 च्या सुमाराला तिथल्या वर्तमानपत्राच्या संपादकाने तोडगा काढला: प्रत्येकाने आठवड्याला पाच सेंट वर्गणी द्यायची आणि त्या पैशातून उद्योग आणायचे. गणपतीच्या वर्गणीसारखाच प्रकार, फक्त गणपती कोणता ते ठरलेलं नव्हतं.

ते ठरलं ते असं. जिम थॉर्प हा सॅक अँड फॉक्स जमातीचा खेळाडू. 1912 च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन या दोन्हींत त्याने सुवर्ण मिळवलं. पुढच्याच वर्षी पदकं काढून घेतली, कारण ऑलिंपिकच्या आधी तो किरकोळ पैसे घेऊन बेसबॉल खेळला होता. मार्च 1953 मध्ये तो कॅलिफोर्नियात वारला. ओक्लाहोमात जमातीचे अंत्यविधी चालू असताना त्याची तिसरी पत्नी आली आणि पार्थिव उचलून घेऊन गेली. त्या राज्यात स्मारकाला पैसे मिळेनात, म्हणून ती गिऱ्हाईक शोधू लागली. मॉक चंकच्या पाच सेंटांची गोष्ट तिच्या कानावर आली. सौदा जमला. नदीच्या अलीकडचं मॉक चंक आणि पलीकडचं ईस्ट मॉक चंक, ज्यांचं एकमेकांशी फारसं पटत नव्हतं, ती 1954 मध्ये मतदान करून एक झाली आणि आपलं नाव ‘जिम थॉर्प’ ठेवून मोकळी झाली. माणसाच्या तेराव्यावर गावाचं बारसं.

थॉर्पने जिवंतपणी या गावात पाऊल ठेवल्याचं कुणाला माहीत नाही. ही अडचण वाटून घेऊ नका. उलट सोय आहे. गावात राहिलेल्या माणसाबद्दल लोकांना नको त्या गोष्टी आठवत असतात. कुणाचे त्याने पैसे बुडवलेले असतात, कुणाच्या आजीला तो फिरायला नेत असे. बाहेरून आणलेला थोर पुरुष स्वच्छ असतो. आता, मूळ रहिवाशांनी दिलेलं नाव पुसून मूळ रहिवाशाचं नाव लावलं, आणि तेही त्याचं जमातीतलं ‘वा-थो-हक’ नव्हे, इंग्रजीच, यात तुम्हाला काही विसंगत वाटत असेल, तर तुम्ही समितीच्या अध्यक्षपदाला लायक नाही. सचिव व्हा.

या सौद्यातून हॉस्पिटल येणार होतं, फुटबॉलचं हॉल ऑफ फेम येणार होतं. आली ती लाल ग्रॅनाइटची समाधी, गावाबाहेरच्या रस्त्याच्या कडेला. खाली ओक्लाहोमाची आणि स्टॉकहोमच्या स्टेडियमची माती आणून टाकली. माणसाला मातीकडे नेण्यापेक्षा माती माणसाकडे आणणं स्वस्त पडतं, हेही टिपून ठेवा.

पुढे थॉर्पच्या मुलाने कोर्टात दावा लावला की वडील परत द्या. 1990 च्या एका कायद्यानुसार संग्रहालयांना मूळ रहिवाशांचे अवशेष त्यांच्या वंशजांना परत करावे लागतात. 2013 मध्ये न्यायाधीशांनी निकाल दिला की या कायद्यापुरतं हे अख्खं गाव ‘संग्रहालय’ आहे. आम्ही इथे तळघरात दमटपणा शोषणारा एक डिह्युमिडिफायर मिळावा म्हणून तीन वर्षं अर्ज करतोय, आणि त्या गावाला नगरपालिका, गटारं, पार्किंग मीटर यांच्यासकट संग्रहालयाचा दर्जा बसल्या जागी मिळाला. गावाने काय करावं? अपील केलं. 2014 मध्ये वरच्या कोर्टाने दर्जा काढून घेतला, 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला, आणि थॉर्प राहिला तिथेच.

दुसरा सल्ला वास्तूंबद्दल. एखादं जुनं घर वाचवायचं असेल तर ते कुलूप लावून विसरून जा. मी थट्टा करत नाहीये, हा एकच सल्ला मी मनापासून देतोय. एसा पॅकर हा कनेक्टिकटहून आलेला सुतार. कालव्यावरच्या बोटी बांधता बांधता तो रेल्वेचा मालक झाला आणि 1861 मध्ये त्याने गावाच्या टेकडीवर हवेली बांधली. त्याची मुलगी मेरी 1912 मध्ये वारली तेव्हा तिने हवेली सामानासकट गावाला दिली. गावाला तिचं काय करावं सुचेना. मग गावाने अमेरिकेतल्या कुठल्याही गावाला क्वचित जमतं ते केलं: काहीच केलं नाही. 44 वर्षं घर बंद. या काळात बाकीच्या देशाने जुने जिने तोडले, कोरीव लाकडावर पांढरा रंग फासला, झुंबरं काढून ट्यूबलाइट लावल्या. 1956 मध्ये लायन्स क्लबने दार उघडलं तर खुर्च्या, झुंबरं, ताटं-वाट्या जिथल्या तिथे. समिती असती तर पहिल्याच वर्षी जेवणघरात भेटवस्तूंचं दुकान निघालं असतं.

उलट उदाहरण हवं असेल तर त्याच गावाची स्विचबॅक रेल्वे. 1827 मध्ये डोंगरावरचा कोळसा नदीपर्यंत उतरवायला रूळ टाकले. भरलेल्या वाघिणी उतारावर आपल्या वजनानेच धावत यायच्या. रिकाम्या वाघिणी वर ओढून न्यायला खेचरं होती, आणि त्या खेचरांनाही खाली वाघिणीत बसवूनच आणत. (खाली येताना बसून यायची सवय लागलेलं खेचर पायी उतरायला तयार होत नसे म्हणे. मला त्यात आमचे खजिनदार दिसतात.) पुढे कोळसा थांबला आणि त्याच रुळांवर हौशी पर्यटक किंचाळत खाली येऊ लागले. देशातल्या अगदी पहिल्या रेल्वेंपैकी एक. 1937 मध्ये भंगारात विकली. आता तिथे पायवाट आहे आणि कडेला पाटी आहे की इथे काय होतं. पाटी उभी करायला रुळांपेक्षा कमी जागा लागते.

तिसरं, रक्ताचा इतिहास. तो असेल तर उत्तमच, पण वाढायची पद्धत असते. गावाच्या जुन्या तुरुंगात 21 जून 1877 रोजी खाणपट्ट्यातल्या चार आयरिश माणसांना फाशी दिली. ‘मॉली मॅग्वायर्स’ नावाच्या गुप्त टोळीचे म्हणून. त्यांना पकडणारे पोलीस खासगी, मुख्य पुरावा पिंकर्टन या खासगी हेरसंस्थेच्या गुप्तहेराचा, आणि सरकारतर्फे उभे राहिलेले वकील कोळसा आणि रेल्वे कंपन्यांचे. हे सगळं सहलीत सांगू लागलात तर मुलं आइस्क्रीम मागायला लागतात. त्यापेक्षा कोठडी क्रमांक 17 च्या भिंतीवरचा पंजा दाखवा. फाशीला जाण्याआधी एका कैद्याने मातीने माखलेला हात भिंतीवर दाबला आणि सांगितलं, मी निर्दोष आहे, ही खूण जाणार नाही. धुतली, खरवडली, गिलावा काढून नवा केला, तरी खूण आहेच, अशी गोष्ट. हात फाशी गेलेल्या कॅम्पबेलचा की फिशरचा यावर गावात दोन पक्ष आहेत. वकील कुणाचे होते यावर पक्ष नाहीत, कारण तो प्रश्न कुणी विचारत नाही. याच खटल्यांतला आणखी एक आरोपी जॅक केहो. त्याला शेजारच्या काउंटीत 1878 मध्ये फाशी दिली आणि राज्यपालांनी 1979 मध्ये माफी दिली. काम हळू चाललंय म्हणून समितीत कुणी चिडचिड केली तर हे दोन आकडे वाचून दाखवा.

देणगीदाराचा प्रश्न नाजूक आहे, पण तोही सुटतो. याच राज्यातल्या जॉन्सटाउनच्या वरच्या अंगाला बड्या लोकांच्या मासेमारी क्लबचं धरण होतं. 31 मे 1889 ला ते फुटलं आणि 2,200 च्या वर माणसं गेली. क्लबच्या सभासदांत पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी होते. त्यांनी नंतर गावाला वाचनालयाची इमारत बांधून दिली. त्या इमारतीत आता पुराचं संग्रहालय आहे. आमच्या बैठकीत हा किस्सा मी सांगितला तेव्हा एक सभासद कौतुकाने म्हणाले, ‘बघा, विषय आणि इमारत दोन्ही एकाच माणसाने दिलं.’

आता कागदपत्रं. इथे माझा अनुभव दांडगा आहे. वर्तमानपत्राचं कात्रण मिळालं की त्याला सेलोटेप लावा. लाकडाच्या लगद्याचा तो कागद स्वतःतल्या आम्लाने पिवळा पडून तुटणारच असतो. टेपने निदान तुटलेली जागा तपकिरी होऊन नीट दिसते. मौल्यवान पत्र असेल तर लॅमिनेट करा, म्हणजे पुढच्या पिढीतल्या जाणकाराला ते कधीच सोडवता येणार नाही आणि तुमचं नाव त्याच्या तोंडी राहील. फोटो रबर बँडने बांधून बुटांच्या खोक्यात ठेवा. मी असं एक खोकं उघडलं तेव्हा रबर वितळून लाखेसारखा झाला होता आणि वरच्या फोटोतल्या नवरीच्या गळ्यात काळा हार घातल्यासारखा चिकटला होता. फोटोमागे पेन्सिलीने लिहिलं होतं: ‘मी, मदर आणि तो.’ शाळाबाईंनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. म्हणाल्या, ‘मदरला मी ओळखते.’ मी पेन उघडलं. ‘नाव आठवत नाही.’ मी पेन मिटलं.

खरा इतिहास हवा असेल तर ज्यांना इतिहासाशी देणंघेणं नव्हतं त्यांच्याकडे जा. सॅनबॉर्न कंपनीने 1867 पासून आगीच्या विम्यासाठी अमेरिकेतल्या सुमारे 12,000 गावांचे नकाशे काढले. विटांची इमारत गुलाबी, लाकडाची पिवळी, दगडाची निळी. कुठल्या गल्लीत धोबीखाना, कुठल्या घरामागे तबेला, बेकरीची भट्टी कुठे. हेतू एकच, जळालं तर किती द्यावं लागेल. आमच्या गावाबद्दल इतक्या आस्थेने आजवर कुणीच लिहिलेलं नाही. सोसायटीने स्वतः काढलेल्या शताब्दी स्मरणिकेत मात्र 38 पानांपैकी 22 जाहिराती आहेत. गंमत अशी की आता त्या जाहिरातीच तेवढ्या उपयोगी पडतात.

कालकुपीचा मोह टाळू नका. जिम थॉर्पपासून गाडीने तासाभराच्या आत सेंट्रालिया आहे. 1962 पासून त्या गावाखाली कोळशाची खाण जळतेय. बहुतेक लोक गेले, 2002 मध्ये पिनकोडही गेला. पण त्याआधी, 1966 मध्ये, गावाने 50 वर्षांनी उघडायची कालकुपी पुरून ठेवली होती. आग चार वर्षांची झालेली आणि आपण 2016 मधल्या वंशजांना चिठ्ठ्या लिहितोय, याला म्हणतात आशावाद. 2014 मध्ये, वेळेआधीच, ती उघडली. आत पाणी शिरलं होतं. खाली आग, आत पाणी.

गेल्या ऑक्टोबरात आम्ही पुन्हा जिम थॉर्पला गेलो. मी हट्टाने गाड्या समाधीकडे वळवल्या. ‘इथे कलर्स चांगले दिसतात का?’ वहिनींनी काच खाली करून विचारलं. नाही म्हटल्यावर निम्मे उतरलेच नाहीत. मग फोटोसाठी उतरले. एका सायकलवाल्याला थांबवून फोन त्याच्या हातात दिला. पाठीमागे ग्रॅनाइट, पुढे आम्ही, कडेला कुणाच्या तरी हातात ठेपल्याचा डबा. संध्याकाळी फोटो ग्रुपवर आला. नावं कुणी टाकली नव्हती, कशाला टाकायची, आपलेच तर आहोत. फोनने मात्र ठिकाण ओळखून वर आपोआप लिहिलं होतं: जिम थॉर्प. फोटोत आम्ही अकराजण होतो.