नव्या अधिष्ठात्यांसाठी गुरुमंत्र

सरकारी रुग्णालयाची खुर्ची मिळाली, अभिनंदन! आता तुमच्या कारकिर्दीत निदान एका तरी निवासी डॉक्टरने मार खाल्लाच पाहिजे. फार खटपट नको, निम्मी तयारी आधीच्या साहेबांनी करून ठेवलेलीच असते.

मृत्यूची बातमी सांगायचं काम नेहमी पहिल्या वर्षाच्या पोराकडे द्या. युनिटप्रमुख घरी झोपलेले बरे. रात्री तीनला, कॅज्युअल्टीच्या दारात, वीस-पंचवीस माणसांच्या घोळक्यात उभं राहून त्याने एकट्याने सांगावं, ‘सॉरी, पेशंट गेला.’ नातेवाइकांना बसवून बोलायला खोली आहे म्हणता? तिथे मोडक्या खुर्च्या आणि जुनी रजिस्टरं ठेवा.

त्याआधीचे तीन-चार तास वाया घालवू नका, खरी मशागत तिथेच होते. आतून फक्त चिठ्ठ्या बाहेर याव्यात: आयव्ही सेट, कॅन्युला, दोन इंजेक्शनं, बाहेरच्या मेडिकलमधून आणा. पेशंटचा मुलगा रस्ता ओलांडून धावत जातो, धापा टाकत परततो, तोवर दुसरी चिठ्ठी तयार. मग सीटी स्कॅन बाहेरून करून आणा, इथलं मशीन बंद आहे. बाप कसा आहे, हे मात्र कोणी सांगायचं नाही. तिसऱ्या फेरीला तो विचारतो, ‘आत चाललंय काय?’ उत्तर द्यावं, ‘बाहेर थांबा.’

धुळ्याचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा. मार्च २०१७. डोक्याला मार लागलेला रुग्ण आला, मेंदूचे सर्जन तिथे नव्हते. दुसरीकडे न्या, असं सांगणाऱ्या अस्थिरोग विभागाच्या निवासी डॉक्टरला जमावाने इतकं बडवलं की डोळ्याला गंभीर दुखापत झाली. सर्जन नसणं हा त्याचा गुन्हा थोडाच, पण समोर तोच होता! मग राज्यभर निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले, उच्च न्यायालयाला लक्ष घालावं लागलं, सरकारने १,१०० सुरक्षारक्षकांचं आश्वासन दिलं आणि एका रुग्णामागे दोनच पास असं ठरलं. तुमच्याकडेही पास छापाच. म्हातारीला डबा घेऊन आलेली सून गेटवर अडवा. भाऊंची दहा पोरं आली की रक्षकाने चहाला जावं.

डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्धच्या कायद्याची काळजी नको. २०१० पासून तो आहे: अजामीनपात्र गुन्हा, तीन वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड, मोडलेल्या यंत्राच्या दुप्पट भरपाई. त्याचा फलक लावा, कॅज्युअल्टीत नव्हे, तुमच्या केबिनबाहेर.

एवढं करून फळ आलं, तर रुग्णालयातर्फे तक्रार देऊ नका. टाके घातलेल्या पोरालाच पोलीस ठाण्यात धाडा. तिथे साहेब समजूत घालतील, ‘त्यांचं माणूस गेलंय डॉक्टर, तुम्हीच समजून घ्या.’ तो परत आला की प्रकृतीची चौकशी जरूर करा. आणि सकाळची ओपीडी त्याचीच आहे, तेही सांगून टाका.