फुकटचे हमाल? एकदा भांडी बाजारात येऊन बघा

गेल्या आठवड्यात एक मेसेज मला चार ग्रुपांवरून आला, त्यातल्या एकावर तर सख्ख्या मेव्हण्यानं टाकला होता. तुमच्याकडेही पोचला असेलच. म्हणणं थोडक्यात असं: आपण घरपट्टी भरतो, पाणीपट्टी भरतो, तेव्हा पुरात धावणं आणि घाट झाडणं हे आपलं काम नाही. स्वयंसेवक म्हणजे फुकटचे हमाल. ते राबतात म्हणून सरकारला झोप लागते. त्यातही निम्मे फोटोपुरते आणि उरलेले बिनप्रशिक्षणाचे, मध्ये मध्ये लुडबुडणारे. असल्या कामानं कुठल्या गावाचा विकास झालेला नाही, म्हणून येत्या नाशिकच्या सिंहस्थ कुंभमेळ्यात एकानंही फुकट उभं राहू नये. खाली हात जोडलेले तीन इमोजी.

आधी घरपट्टीचं बोलू. पट्टी भरली की हक्क आला, त्यात वाद नाही. पण पूर पावती बघून थांबत नाही.

माझं नाशिकच्या भांडी बाजारात तांब्या-पितळेचं लहानसं दुकान आहे. ४ ऑगस्ट २०१९, रविवार. गंगापूर धरणाचा विसर्ग वाढत चालला होता. आमच्याकडे पुराचं मीटर एकच, गोदावरीतली दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती. गुडघा, कंबर, छाती. छातीशी पाणी आलं की आम्ही माल उचलायला लागतो, हा वडिलांच्या वेळचा नियम. बाहेरच्या माणसाला एक गोष्ट माहीत नसते. आमच्या बाजूला पाणी नदीकडून समोरून येत नाही, ते सरस्वती नाल्यातून उलटं फुगत येतं. आधी चेंबरच्या झाकणाभोवती बुडबुडे निघतात. ते दिसले की हाताशी फार वेळ उरत नाही.

त्या दिवशी अग्निशमनची माणसं अडकलेल्यांना बाहेर काढत होती आणि त्यांनी तेच करायला हवं होतं. माझ्या घागरी माळ्यावर चढवायला त्यांनी यावं, असं कुठल्या पट्टीच्या पावतीवर लिहिलंय? साखळी केली ती समोरच्या तालमीतल्या पोरांनी. त्यातल्या एकाला मी ओळखतही नव्हतो. सिडकोतून आला होता, मित्राबरोबर.

आणि खरं काम पुढेच असतं, पाणी उतरायला लागल्यावर. गाळ ओला असतानाच उतरत्या पाण्याबरोबर खराट्यानं ढकलत न्यावा लागतो. एक रात्र तसाच राहिला की फरशीवर असा बसतो की फावड्यानं खरवडावा लागतो आणि शटरच्या खाचेत शिरलेला तर दिवाळीपर्यंत निघत नाही. म्हणून पहाटे बॅटरीच्या उजेडात दहा-बारा जण गल्लीच्या वरच्या टोकापासून खाली खराटे मारत होते. त्यात निम्म्यांची दुकानं त्या गल्लीत नव्हतीच. कितीही चांगलं सरकार असलं तरी एका रात्रीत हजार खराटे कुठून आणणार?

ही पोरं आयत्या वेळी आभाळातून पडत नाहीत. रंगपंचमीला हीच पोरं रहाड, म्हणजे रंग खेळायचा जमिनीतला हौद, उघडतात. वर्षभर फळ्या टाकून बुजवलेला तो हौद उकरायचा, साफ करायचा, रंग कालवायचा, त्यात धप्पा, म्हणजे उडी, मारणाऱ्यांना सांभाळायचं, मग परत बुजवायचा. कोणाच्या घरात दोर आहे, कोणाला पोहता येतं, कोणत्या वाड्यात वरच्या मजल्यावर एकटी आजी राहते, हे त्यांना आधीपासून ठाऊक असतं. पुरात उपयोगी पडलं ते हे. मेसेज लिहिणारा बहुधा गल्लीत राहत नसावा.

आता सरकारला झोप लागते, हा मुद्दा. यात थोडं तथ्य आहे आणि ते मी नाकारणार नाही. साहेबांच्या हस्ते श्रमदान होतं, हातमोजे वाटले जातात आणि गोळा केलेला कचरा चार दिवस काठावरच पडून राहतो, हे मीही पाहिलंय. पण त्यावरून काढलेला निष्कर्ष उलटा आहे. पाणवेली काढायला जो कमरेएवढ्या पाण्यात उतरतो त्यालाच कळतं की ती काढून संपणार नाही, कारण वर कुठेतरी सांडपाणी नदीत येतंय. मग तो ते नाल्याचं तोंड शोधतो. मग तो अर्ज करतो. नाशकात गोदावरीच्या प्रदूषणाचा प्रश्न २०१२ साली मुंबई उच्च न्यायालयात नेला तो गोदावरी गटारीकरण विरोधी मंचाच्या लोकांनी. हे कुठल्या खात्याचे पगारी नव्हते. नदीसाठी घरचा वेळ घालणारी माणसं होती आणि त्यांनी प्रशासनाची झोप उडवली. घरी बसून पट्टीची पावती दाखवणाऱ्यांपैकी कोर्टाची पायरी किती जण चढले, ते मेव्हण्याला विचारणार आहे.

फोटोंचं म्हणाल तर कबूल. ५ जूनला एका रोपामागे सात हात असतात. पण सातपूरच्या फाशीच्या डोंगरावर एकदा एप्रिलमध्ये जा. ‘आपलं पर्यावरण’ संस्थेच्या पुढाकारानं तिथं २०१५ मध्ये पर्यावरण दिनाला हजारो लोकांनी देशी झाडं लावली आणि आज तिथं नाशिकची देवराई आहे. लावण्याचा फोटो निघाला, हे खरंच. पण पुढच्या उन्हाळ्यांमध्ये पाणी घालायला आणि वणवा लागू नये म्हणून वाळलं गवत काढायला जे गेले त्यांचे फोटो कुणी काढत नाही. काढलाच तर बघवणार नाही, तोंडं काळवंडलेली असतात.

प्रशिक्षणाचा मुद्दा मात्र गंभीर आहे आणि मेसेजमधला तेवढाच एक मला झोंबला. २०१९ च्या त्याच ऑगस्टमध्ये सांगलीजवळ ब्रह्मनाळला पुरातून लोकांना काढणारी बोट उलटली. क्षमतेपेक्षा जास्त माणसं, अंगात लाइफ जॅकेट नाही. जाणाऱ्यांची तळमळ खरी होती, पण तेवढ्यानं बोट तरत नाही. यावर उपाय माणसांना घरी बसवणं हा नाही, त्यांना शिकवणं हा आहे. ‘आपदा मित्र’ ही केंद्राची योजना २०१६ मध्ये त्यासाठीच आली, १२ दिवसांचं प्रशिक्षण आणि सोबत साहित्य. होमगार्ड १९४६ साली मुंबई प्रांतात उभे राहिले तेही स्वयंसेवक म्हणूनच. १९६९ पासूनच्या राष्ट्रीय सेवा योजनेत पोरांना दोन वर्षांत २४० तास द्यावे लागतात. ते तास भिंतींवर घोषणा रंगवण्यात घालवायचे की प्राथमिक उपचार आणि दोराच्या गाठी शिकवण्यात, हे कॉलेजांना जरूर विचारा. मी तर म्हणतो, भांडाच.

विकास झाला नाही, यावर फार लिहीत नाही. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० पासून चालू आहे आणि त्याचा कारभार बघणारे पदाधिकारी पगार घेत नाहीत. पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवर नाशिकच्या सोशल नेटवर्किंग फोरम या संस्थेनं विहीर ते टाकी पाइपलाइन टाकली, खड्डे गावकऱ्यांनी श्रमदानानं खणले. डोक्यावरचा हंडा उतरला, याला विकास म्हणायचं नसेल तर दुसरा शब्द सुचवा.

राहता राहिलं सिंहस्थ. २७ ऑगस्ट २००३ ला सरदार चौकाच्या उतारावर चेंगराचेंगरी झाली, ३९ भाविक गेले. २०१५ ला पहिल्या पर्वणीला, म्हणजे मोठ्या स्नानाच्या दिवशी, उलट झालं. बॅरिकेडिंग इतकं की म्हाताऱ्या माणसांनी मैलोन्‌मैल पायपीट केली आणि घाटावर मोकळी जागा. तो उतार पावसात कुठे निसरडा होतो आणि कोणत्या बोळातून बाई-माणसाला मधल्यामध्ये बाहेर काढता येतं, हे परजिल्ह्यातून बंदोबस्ताला आलेल्या हवालदाराला कसं कळणार? त्याच्या शेजारी गल्लीतला एक माणूस हवा.

फुकट उभं राहू नका, यापेक्षा मागण्या करा ना. पर्वणीच्या दोन महिने आधी प्रशिक्षण, प्रत्येकाचा विमा, पाणी आणि जेवण, सहा तासांनी पाळी बदल, आणि प्रत्येक चौकाला एक ठरलेला अधिकारी, ज्याचा फोन लागेल. आमच्या गल्लीतून सोळा नावं झाली आहेत. अर्ज उद्या लिहायला बसतोय. मेव्हण्याचं अक्षर चांगलं आहे, त्यालाच बोलावलंय.