अरे हाच तो पूल आहे ना बे!

नागपूरला कोणी पाहुणा आला की त्याला पेंचकडे फिरवून आणायचं काम माझ्याच गळ्यात, आणि वाटेत जंगलातल्या नदीवर जुन्या लाकडी पुलाचे चारसहा सागवानी खांब उभे आहेत ना, तिथं गाडी थांबवली की पहिला प्रश्न ठरलेला, "पूल कुठंय?" अरे हाच तो पूल आहे ना बे!

वरच्या फळ्या गेल्या केव्हाच. मी हौसेनं सांगायला जातो की कायम पाण्यात बुडालेल्या लाकडाला हवा लागत नाही म्हणून ते लवकर सडत नाही, सडतं ते पाणी चढतं-उतरतं त्या पट्ट्यात, बघा खांबाची कंबर तिथंच कशी बारीक झालीय... पण ऐकून कोण राहिलं? एक जण रील काढून राहिला, दुसरा तर्रीची पन्नी नदीत सोडून मोकळा.

मागच्या रविवारी तर हद्दच झाली. आमच्या चुलत साळ्यानं गाडीच्या किल्लीनं खांबावर बदाम कोरला, बाणासकट! आणि हाच माणूस युरोप टूरवरून आल्यावर लुसर्नच्या लाकडी पुलाचे ढीगभर फोटो दाखवत होता, चौदाव्या शतकातला आहे म्हणे, 1993 मध्ये जळला तर वर्षभरात परत उभा केला म्हणे, काय मेंटेन करतात बाप्पा ते लोक! तिथं किल्ली खिशातच राहिली वाटतं भाऊची.

आता शनिवारी पुण्याची आत्या येतेय. तिनं आत्ताच फोन करून विचारलंय, तिथं मॅगी मिळते का.