जखम कशी जोपासावी

कुळागरात अनवाणी हिंडताना टाचेत काटा गेला, तर लगेच साबण-पाणी घेऊन धावू नका. कातडीवरचा स्टॅफिलोकोकस आणि ओल्या मातीतला स्यूडोमोनास हे जंतू कधीपासून जागेच्या शोधात आहेत, आणि गोव्यात जागेचे भाव काय झालेत ते तुम्हाला ठाऊकच आहे. सुरुवातीला ही मंडळी नुसती टेकलेली असतात. तेवढ्यात पाण्याची धार पडली तर बरीचशी वाहून जातील. म्हणून वर हळद, कॉफीची पूड दाबा आणि जुनं फडकं घट्ट बांधा.

एकदा चिकटले की जंतू शर्करा, प्रथिनं आणि डीएनए यांचा बुळबुळीत गर स्वतःभोवती रचतात. हीच बायोफिल्म. एकमेकांना रासायनिक निरोप जातात, पुरेशी संख्या जमली की बांधकामाला जोर चढतो. ना पंचायतीचा परवाना, ना जमिनीचं रूपांतर, ना ग्रामसभेत कुणाची हरकत. आत पाणी खेळायला पाटही असतात. (आपल्याकडच्या नव्या वसाहतींत तेवढं तरी कुठे असतं?)

साखर मात्र चढती ठेवा. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मधुमेहात गोवा देशात पहिला आला: २६.४ टक्के! चवथीच्या नेवऱ्या मोजून खाऊन हा नंबर घालवू नका. शिवाय पायाच्या नसा बधिर झाल्या की जखम दुखत नाही, मग तिच्याकडे बघायचं तरी कशाला?

अँटिबायोटिक दोन दिवस घ्या, उरलेल्या गोळ्या शेजारच्या काकींना द्या. तसंही गरात बसलेल्यांना मारायला मोकळ्या जंतूंच्या शेकडो पट मात्रा लागू शकते. काही तर आत निपचित पडून असतात, आणि बरीचशी औषधं वाढत्या जंतूंवरच चालतात.

डॉक्टर तो पिवळट थर खरवडून काढतील. काढू देत. दोन-तीन दिवसांत तो पुन्हा जमू शकतो. औषधाला संधी मिळते ती तेवढ्यातच, म्हणून नेमकं पुढचं ड्रेसिंग चुकवा. पाऊस, बस, कुणाचं तरी बारसं, काहीही सांगा. पट्टीवर हिरवट डाग दिसून गोडसर वास सुटला, तर अगरबत्ती लावा.

अखेर घरच्यांनी बांबोळीच्या सरकारी इस्पितळात नेलंच आणि डॉक्टरांनी विचारलं, "कधीपासून आहे?" तर बेधडक सांगा, "परवाच लागलं हो." सोबतची सून 'तीन महिने' म्हणायला तोंड उघडेल. तिच्याकडे डोळे वटारून बघा.