गिअरबॉक्समधले पाणी डिझेलने आणि वाफेने जात नाही

नागपुरात नरेंद्रनगरच्या रेल्वेपुलाखाली माझ्या मावसभावाची गाडी दारांपर्यंत पाण्यात बुडाली. ती त्याने कशीबशी ढकलून बाहेर काढली, टोचन करून घरी आणली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मला फोन केला. सल्ला विचारायला नव्हे, तर आपण डिझेल आणायला निघालो आहोत हे सांगायला. "दादा, एक लिटर डिझेल टाकतो अन् बुटीबोरीपर्यंत चक्कर मारून येतो, सारं पाणी वाफ होऊन उडून जाते," असे तो म्हणाला. हे ज्ञान त्याला ज्या मेसेजमधून मिळाले, तो दर पावसाळ्यात नव्याने फिरतो. सप्टेंबर 2023 मध्ये अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले, तेव्हाही तो मला तीन ठिकाणांहून आला होता.

मेसेजचा मथितार्थ असा: मॅन्युअल गिअरबॉक्स 'सीलबंद' असतो, त्यामुळे त्यात पाणी जात नाही, गेलेच तर ते तळाशी बसते, म्हणून अर्धा लिटर तेल काढले की पुरे, उरलेल्यासाठी लिटरभर डिझेल ओतून तीस किलोमीटर चालवावे, म्हणजे पाण्याची वाफ होते, तेल 'लाइफटाइम' असल्याने बदलायची गरज नाही, आणि काही बिघडलेच तर विमा आहेच.

गिअरबॉक्स सीलबंद नसतो. आतली हवा तापून फुगते, तिला वाट मिळावी म्हणून वरच्या अंगाला एक ब्रीदर असतो. तापलेला गिअरबॉक्स अचानक थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि बाहेरचे पाणी त्याच वाटेने, किंवा ऑइल सीलच्या कडेने, आत ओढले जाते. कारण ते सील तेल बाहेर येऊ नये म्हणून बसवलेले असतात, पाणी अडवण्यासाठी नव्हे. डबक्यातून गाडी न थांबता निघून गेली तर बहुधा काही होत नाही, एवढे मात्र मी मान्य करतो.

पाणी तळाशी बसते हेही अर्धेच खरे आहे. रात्रभर उभ्या गाडीत मोकळे पाणी खाली बसते. पण चाके फिरली की गिअर तेच पाणी तेलात घुसळतात आणि दुधाळ मिश्रण तयार होते, जे सहजासहजी वेगळे होत नाही. माझ्या भावाची गाडी पुढची चाके जमिनीवर ठेवून ओढत आणली होती. गिअर न्यूट्रलमध्ये असला तरी चाकांबरोबर डिफरेन्शिअल, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारा गिअरसंच, फिरतच असते आणि इंजिन पुढच्या चाकांना फिरवते अशा या गाड्यांत ते गिअरबॉक्सच्याच तेलात असते, त्यामुळे घुसळण वाटेतच सुरू झाली होती.

आता डिझेल आणि वाफ. हा भाग निव्वळ निष्काळजीपणाचा आहे. गिअरबॉक्समधले तेल शहरातल्या रोजच्या चालवण्यात पाणी उकळण्याइतके तापत नाही. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे 310 मीटर उंचीवर असल्याने इथे पाणी 99 अंशांना उकळते, पण त्या एका अंशाच्या सवलतीने बुटीबोरीची फेरी सार्थकी लागत नाही. दमटपणाचा किरकोळ अंश हळूहळू ब्रीदरमधून जातो, हे खरे. कपभर पाणी आणि त्याबरोबर आलेला गाळ जात नाही. डिझेल तर त्याहून वाईट. ते पाण्यात विरघळत नाही, उलट तेल पातळ करते, आणि भाराखाली फिरणाऱ्या दात्यांमध्ये व बेअरिंगमध्ये जो जाड थर टिकायला हवा तोच मोडतो. काही मिस्त्री चाके उचलून, भार न देता, मिनिटभर डिझेलने आतून धुतात आणि लगेच काढून टाकतात; त्या गोष्टीचा मेसेजने 'तीस किलोमीटर चालवा' असा विपर्यास केला आहे.

पाण्याने किती नुकसान होते याचे मोजमाप जुने आहे. 1977 मध्ये कँटली या संशोधकाने टेपर्ड रोलर बेअरिंगवर केलेल्या प्रयोगांत, तेलातले पाणी दहा लाखांत 100 भागांवरून 400 भागांवर गेल्यावर बेअरिंगचे आयुष्य निम्म्याहूनही खाली आले. तो प्रयोग गिअर ऑइलवर नव्हता, त्यामुळे आकडा जसाच्या तसा लावता येणार नाही. पण प्रमाण पाहा. छोट्या गाडीत साधारण 2 लिटर तेल असते आणि त्यात 400 भाग म्हणजे पाण्याचे पंधरा-एक थेंब. तेल दुधाळ दिसते तेव्हा पाणी याच्या कितीतरी पट असते.

'लाइफटाइम' हा शब्द कोरड्या, स्वच्छ तेलासाठी आहे. शिवाय नवे तेल कोणतेही चालते असे नाही. पितळी सिंक्रो रिंग, म्हणजे गिअर बदलताना दोन्ही भागांचा वेग जुळवणाऱ्या कड्या, असलेल्या गिअरबॉक्सला पुस्तिकेत जीएल-4 दर्जाचे तेल सांगितले असेल, तर जीएल-5 दर्जाचे घालू नये. विम्याचे म्हणाल, तर पुराचे नुकसान सर्वसमावेशक पॉलिसीत धरतात, पण बुडालेली गाडी नंतर चालवून झालेला बिघाड, वेगळे संरक्षण घेतलेले नसेल तर, बहुधा नाकारला जातो.

मी पोहोचलो तेव्हा डिझेलचा डबा अंगणात होता आणि गाडी सुदैवाने सुरू केलेली नव्हती. आधी तेल भरायचा बोल्ट सैल केला, कारण तो गंजून अडकला असता तर रिकामा केलेला गिअरबॉक्स परत भरता आला नसता. मग खालचा उघडला. प्रथम मातकट पाण्याची धार आली आणि तिच्यामागून दूध घातलेल्या कॉफीसारखे तेल. बोल्टच्या चुंबकावरचा राखाडी लेप नेहमीचा होता, पण बोटांत चोळल्यावर वाळू लागली. पुस्तिकेतल्याच दर्जाचे स्वस्त तेल भरून, गाडी चार-पाच किलोमीटर हळू फिरवून ते काढले, तर तेही धुरकट निघाले. पुन्हा तेच केले. तिसऱ्या वेळी निघालेले तेल काचेच्या पेल्यात रात्रभर ठेवले. सकाळी तळाशी थेंब नव्हता, तेव्हा चांगले तेल भरले.