पडावं तर रीतसर

मोहात काय, कुणीही पडतो. पडल्यावर कपडे झटकून चारचौघांत ताठ मानेनं उभं राहायला मात्र अभ्यास लागतो, आणि तोच आपल्या सोलापुरात कमी पडायला लागलाय. सात रस्त्याकडचे एक काका घ्या. रक्तातली साखर तीनशेच्या घरात. रात्री साडेअकराला शेंगापोळीच्या डब्यात हात असताना नातीनं पकडलं, तर म्हणाले, "चुकलो बाळा." झालं! एवढं वय झालं, घरात पोथ्यांचा ढीग, आणि पतनाचं इतकंही शिक्षण नाही. तुमच्यावर अशी नामुष्की येऊ नये म्हणून चार गोष्टी सांगतो.

बायबलातल्या उत्पत्ती या पहिल्याच पुस्तकाचा तिसरा अध्याय तोंडपाठ करा. देव दिवस कलल्यावर गार वाऱ्याला बागेत येतो (गार वारा म्हटल्यावर एप्रिलातल्या सोलापूरकरानं ओळखावंच की तो स्वर्ग होता) आणि आदामाला विचारतो, खाऊ नको म्हटलेलं फळ खाल्लंस का? हो किंवा नाही, एवढाच प्रश्न. आदाम काय म्हणतो? तू माझ्या सोबतीला जी बाई दिलीस, तिनं मला दिलं, म्हणून मी खाल्लं. काय मांडणी आहे बघा. आधी देवाचा दोष, मग बायकोचा, आणि स्वतःचं खाणं शेवटी, घाईघाईत, गर्दीच्या बसमध्ये उतरता उतरता तिकीट काढल्यासारखं. माणसानं देवाला दिलेलं हे पहिलं स्पष्टीकरण, आणि त्यात आजतागायत सुधारणेला जागा सापडलेली नाही. बिचाऱ्याला सासरा नव्हता, त्यामुळं 'तू दिलेली' ही तक्रार थेट वरच न्यावी लागली. तुमची ती सोय आहे.

पुढं देव हव्वेकडं वळतो. ती म्हणते, सापानं भुलवलं. आणि इथं नीट लक्ष द्या: सापाला देव काहीच विचारत नाही. त्याला सरळ शिक्षाच होते, पोटावर सरपटायची. कारण त्याच्याकडं बोट दाखवायला पुढं कुणी उरलेलंच नव्हतं. म्हणजे पतनात भाग घ्यायचा, पण रांगेत शेवटी उभं राहायचं नाही. आपल्याकडच्या कचेऱ्यांना हे कुणी शिकवावं लागलं नाही. साहेब म्हणतात क्लार्कनं फाईल अडवली, क्लार्क म्हणतो शिपायानं ठेवली कुठं ते बघतो, शिपाई म्हणतो सर्व्हर डाऊन आहे. सापाच्या जागी सर्व्हर आल्यापासून तर फारच बरं झालं. त्याला सरपटायला लावा नाहीतर उलटा टांगा, तो तक्रार करत नाही.

फळ कुठलं ते मात्र विचारपूर्वक निवडा. मूळ गोष्टीत फळाचं नावच नाही. सफरचंद पुढं चित्रकारांनी रुजवलं. मायकेलअँजेलोनं सिस्टीन चॅपेलच्या छतावर तर अंजिराचं झाड काढलंय. जागा रिकामी आहे म्हटल्यावर सोलापूरकराला डाळिंबाचा मोह होणार. जिल्हा डाळिंबाचा, राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आपल्या केगावात, 'सोलापूर डाळिंबा'ला भौगोलिक मानांकनसुद्धा आहे. तरीही माझं ऐका, डाळिंबाच्या नादी लागू नका. ते सोलायला वेळ लागतो. पेपर पसरा, देठाकडचा भाग कापा, चिरा मारा, पांढरी सालं काढा, तोवर मन बदलायची भीती. आणि सालीनं बोटं पिवळी-काळी होतात ती दोन दिवस जात नाहीत, रसाचा शिंतोडा पांढऱ्या शर्टावर पडला तर शर्ट गेलाच. देवाला विचारायचीही गरज पडणार नाही. पापाचं फळ कसं, एका घासात संपणारं आणि पुरावा न ठेवणारं हवं.

कारणांमध्ये सर्वांत सभ्य कारण म्हणजे प्रेम. ते इंग्रज कवी मिल्टननं 1667च्या महाकाव्यात आदामाला मिळवून दिलं. त्याचा आदाम अजिबात फसत नाही. हव्वा आता मरणार हे त्याला कळतं, तिच्याशिवाय राहायचं कसं म्हणून तो जाणूनबुजून खातो. तसं आदामाला आपल्या भाषेत पडायला मिल्टनची वाट बघावी लागली नव्हती. फादर स्टीफन्सनं गोव्यात बसून 'ख्रिस्तपुराण' लिहिलं, ते छापलं गेलं 1616 साली, आणि त्यात आदामाची सगळी कथा मराठी ओवीत आहे. मिल्टनच्या 51 वर्षं आधी! पतनात मराठी माणूस मागे पडला असं यापुढं कुणी म्हणू नये. तर त्या काकांनी म्हणायचं काय होतं? "तुझ्या आज्जीनं एवढ्या मायेनं केलं, मन मोडू कसं?" पोळी पोटात, साखर चारशे, आणि वर आदर्श पती.

काही मजकूर मात्र चुकूनही वाचू नका. कुराणात आदम आणि त्यांची बायको दोघंही भुलतात, आणि पुढं दोघं मिळून म्हणतात, आम्ही आमच्याच जिवावर अन्याय केला. इथं बायकोवर ढकलायची सोयच ठेवलेली नाही. बौद्धांच्या दीघनिकायातल्या अग्गञ्ञ सुत्तात तर त्याहून कठीण. सुरुवातीला सगळे जीव स्वतःच्याच तेजानं उजळलेले, आभाळात फिरणारे. पाण्यावर सायीसारखी रसाळ पृथ्वी धरते. एकाला वाटतं, काय असेल बरं हे, आणि तो बोटानं चाटून बघतो. मग सगळेच चाटतात आणि तेज जातं. ना साप, ना बाई, ना इंद्र. नुसतं एक बोट. 'जरा चव बघतो' म्हणत पातेल्याशी घुटमळणाऱ्यांना ही गोष्ट झोप लागू देणार नाही. संत ऑगस्टीनचं आत्मनिवेदनही टाळा. सोळाव्या वर्षी पोरांबरोबर शेजारच्या बागेतली नासपती चोरली, भूक नव्हती, बहुतेक डुकरांपुढं टाकली, आणि चोरी केली ती चोरी आवडली म्हणून, असं हा सद्गृहस्थ लेखी देतो. इतका खरेपणा प्रकृतीला बरा नव्हे. त्याची एक प्रार्थना तेवढी उचला: देवा, मला संयम दे, पण इतक्यात नको. गटारी अमावस्येचं सगळं तत्त्वज्ञान या एका वाक्यात आलं. श्रावण उद्यापासून आहेच की.

राजकारणात असाल तर विश्वामित्र वाचा. तिथं पडणारा लहान होत नाही, उलट मोठा होतो. साक्षात इंद्र घाबरला म्हणून मेनका धाडावी लागली. पक्ष बदलल्यावर 'माझ्या वाढत्या ताकदीला घाबरून' हे शब्द आलेच पाहिजेत. मार्लोच्या नाटकातल्या फॉस्टसनं आत्मा विकून सैतानाकडून चैनीची 24 वर्षं घेतली होती. आपल्याकडं पाच मिळतात, तेव्हा भाव करताना ते ध्यानात ठेवा. ययातीचं काय, त्यानं मुलाचं, पुरूचं, तारुण्य मागून घेतलं आणि हजार वर्षांनी परत केलं. परत करण्याचा भाग सोडून द्या. हल्ली गृहकर्जाच्या हप्त्यांत पुरूचं नाव आधीच घातलेलं असतं.

आता राहिला अडचणीचा विषय, म्हणजे आपलेच ग्रामदैवत सिद्धरामेश्वर. कुंभाराच्या मुलीनं लग्नाची इच्छा धरली, ते नाही म्हणाले, आणि आपल्या योगदंडाशी लग्न लावायला परवानगी दिली. मोह समोर आल्यावर माणूस नाही म्हणतो, एवढीच गोष्ट. अशा माणसाचं करायचं काय? आपण बरोबर तेच केलं: त्या योगदंडाच्या लग्नाची यात्रा भरवली. भोगीला सात नंदीध्वज निघतात, पांढऱ्या बाराबंदीतले भक्त ते पेलत नेतात, संमती कट्ट्यावर अक्षता पडतात, आणि नाही म्हटलेल्या एका माणसासाठी हजारो लोक डोळ्यांत पाणी आणून हात जोडतात. हात जोडा, मनापासून जोडा. मग वळायचं होम मैदानाकडं, गड्ड्याच्या जत्रेत. तिथं पाळणा आहे, कढईतनं निघणारी भजी आहेत, आणि 'नाही' म्हणणारं कुणी नाही.

गड्ड्यावर ओळखीचं माणूस भेटणारच. घाबरू नका, त्याच्याही हातात तेलकट कागद असतो. अशा वेळी दोघांनीही मान वर करून पाळण्याकडं बघायचं, "यंदा गर्दी लई हाय की ओ," एवढं म्हणायचं आणि मिरचीचं देठ टाकायला जागा शोधत आपापल्या बाजूला निघायचं.