चिमट्याला काय चिकटलंय ते आधी बघा : भुसावळच्या भाऊंना उत्तर

भाऊ, नमस्कार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : घड्याळाच्या कामात स्टॅटिक (घासल्याने वस्तूंवर साचणारा विजेचा भार) वगैरे काही नसतं, स्क्रू चिकटतो तो चुंबकामुळे, डिमॅग्नेटायझरवर, म्हणजे चुंबकत्व काढणाऱ्या यंत्रावर, चिमटा धरला की विषय संपला. आणि एवढीच भीती असेल तर मनगटाला तांब्याची तार गुंडाळून अर्थिंगच्या पिनेत खोचावी. पहिलं म्हणणं निम्मंच खरं आहे. शेवटचं मात्र कुणी करून बघेल, या धास्तीने सविस्तर लिहितोय.

पोलादी स्क्रू चिकटला तर मीही आधी टोकाला तेल आहे का बघतो, मग चुंबकाचा संशय घेतो. होकायंत्राजवळ चिमटा नेला की लगेच कळतं. पण पितळेचं चाक किंवा प्लास्टिकचा वॉशर चिमट्याला लटकून आला तर? चुंबक यातलं काहीच ओढत नाही. तिथे डिमॅग्नेटायझर दिवसभर दाबून बसलात तरी ढिम्म फरक पडणार नाही.

आपल्याकडे थंडीत आणि पुढे मार्च-एप्रिलात हवा ठणठणीत कोरडी. दमट हवेत वस्तूंवर ओलाव्याचा पातळ थर बसतो आणि भार त्यावरून निघून जातो. कोरड्या हवेत तो जागच्या जागी साचतो. म्हणून जो प्लास्टिकचा डबा पावसाळ्यात गुणाने वागतो, तोच उन्हाळ्यात डायलवर धूळ ओढून आणतो. भिंतीवरच्या नव्या घड्याळाच्या प्लास्टिक काचेवरची फिल्म ओढून काढल्यावर सेकंद काटा काचेकडे खेचला जातो, हे तुम्हीही पाहिलं असेल. काटा तर बहुतेक वेळा अॅल्युमिनियमचा. काच ओलसर फडक्याने पुसली की सुटतो.

सेलवर चालणाऱ्या क्वार्ट्झ घड्याळात गोष्ट धुळीपुरती राहत नाही. आत आयसी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक चिप, असते. बोटाला झटका जाणवायला साधारण 3000 व्होल्ट लागतात. उघडी आयसी काहीशे व्होल्टमध्येही दुखावू शकते. म्हणजे आपल्याला पत्ताही लागत नाही. सेल बदलताना प्लास्टिकचा चिमटा वापरा म्हणता ते योग्यच, धातूचा चिमटा सेलच्या दोन्ही टोकांना लागला तर शॉर्ट होतो. फक्त तो टेरिकॉटच्या पँटला पुसू नका.

आता तार. भाऊ, कृपा करून नको. नुसती तार बांधलेल्या हाताने दिव्याच्या उघड्या वायरला स्पर्श झाला, तर 230 व्होल्टना जमिनीकडे जायला तुम्हीच रस्ता करून दिलात. स्टॅटिक घालवायला मनगटावर बांधायचा जो तयार पट्टा मिळतो, त्यात 10 लाख ओहमचा रोध असतो, त्यामुळे तशा वेळीही प्रवाह पाव मिलिअँपिअरच्या आतच राहतो. स्टॅटिक मात्र त्यातून आरामात निघून जातं. शिवाय पिनेमागे खरंच अर्थिंग आहे का? मे महिन्यात काळी माती भेगाळते, अर्थिंगच्या खड्ड्यात महिनोन्महिने कुणी पाणी ओतलेलं नसतं.

आणि पट्टा बांधला तरी प्लास्टिकच्या ट्रेवरचा भार तारेतून जात नाही, कारण प्लास्टिक वीज वाहूच देत नाही. म्हणून आधी ट्रे बदला : स्टीलची वाटी चालेल, लाकडी पाट चालेल. अंगात सुती कपडे. कूलरने हवा ओलावते खरी, पण झोत टेबलावर नको. धूळही येते आणि पोलाद गंजतं.

पट्टा मोबाईल दुरुस्तीचं सामान विकणाऱ्यांकडे मिळतो. घेताना मनगटाकडच्या धातूपासून तारेच्या टोकापर्यंत मल्टिमीटर लावा. जवळपास 10 लाख ओहम दिसले नाहीत तर परत करा.